भुईला भार

आमच्या तीर्थरूपांना माझ्याविषयी दोन गोष्टींची पक्की खात्री होती. एक, मी गणितात नापास होणार. आणि दुसरी, मी ‘खायला काळ आणि भुईला भार’ आहे. पहिलीचा उच्चार वर्षातून दोनदा, प्रगतिपुस्तकावर सही करताना होत असे. दुसरीचा रोज, साधारण माझ्या तिसऱ्या भाकरीच्या सुमाराला. त्या वेळी माझं वजन जेमतेम चाळीस किलो होतं, आणि एवढ्याशा ऐवजाने पृथ्वीसारख्या भारदस्त बाईला भार कसा होईल हे मला कळत नसे. विचारायची सोय नव्हती. पुढे मी (गणितात काठावर पास होऊन) बँकेत चिकटलो, अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या पैशांच्या बेरजा केल्या, रीतसर निवृत्त झालो आणि तीर्थरूपांचं ते सर्टिफिकेट एव्हाना बाद झालं असेल अशा समजुतीत राहिलो. तर २०२४ च्या दिवाळीनंतर माझ्या आठवीतल्या नातीने माझा भुईवरचा भार प्रत्यक्ष मोजून काढला. दशांश चिन्हासकट.

झालं असं, की तिच्या शाळेने नाताळच्या सुट्टीसाठी एक प्रकल्प दिला. हल्ली शाळा अभ्यास देत नाहीत, प्रकल्प देतात. फरक एवढाच, की अभ्यास मुलाला एकट्याला करावा लागत असे, प्रकल्प सबंध घराला करावा लागतो. विषय होता, ‘आमच्या कुटुंबाची पर्यावरणस्नेही सहल’. आमच्या वेळी ‘मी पाहिलेली जत्रा’ या विषयावर, न पाहिलेल्या जत्रेबद्दल दोन पानं खरडली की सुटका होई. इथे सहल आधी आखायची, मग खरोखरच जायचं आणि परत आल्यावर हिशेब सादर करायचा. नातीने दोनशे पानी वही घेतली, पट्टीने रकाने आखले, प्रवास, मुक्काम, जेवण, पाणी, कचरा, आणि प्रत्येक रकान्याखाली काय मोजायचं त्याला नाव शोधू लागली. “भार म्हण,” मी सांगून टाकलं. तीर्थरूपांची तेवढीच इस्टेट माझ्याकडे आली आहे. ज्या बेताचा एकूण भार सगळ्यात कमी तो बेत पसंत, असा नियम ठरला.

आता आम्ही राहतो येरवड्याला. हे वाक्य पुण्यात कुठेही म्हणून बघा. समोरचा माणूस आधी अर्धं पाऊल मागे सरतो आणि मग विचारतो, “म्हणजे... आत की बाहेर?” बरं, आत म्हटल्यानेही त्याचं समाधान होत नाही, कारण येरवड्याला आत जाण्याच्या जागा दोन आहेत, एक तुरुंग आणि दुसरं मनोरुग्णालय, तेव्हा कोणत्या आत हा पोटप्रश्न उरतोच. या दोन्ही संस्थांच्या अवतीभवती साधी माणसंही राहतात, त्यांच्याकडे रोज दूध येतं, वर्तमानपत्र येतं, यावर सदाशिव-शनिवारातल्या लोकांचा चटकन विश्वास बसत नाही. दुधाइतक्याच नेमाने येतात ती लोहगावची विमानं. ती इतकी डोक्यावरून जातात, की गॅलरीत बसलेल्या माणसाचं वाक्य अर्ध्यात तुटतं आणि विमान गेल्यावर तिथून पुढे सुरू होतं. आमच्या संसारातली बरीच भांडणं या सोयीमुळे अर्धवट राहून निवळली आहेत.

त्यामुळे चिरंजीवांनी पहिलाच प्रस्ताव मांडला तो विमानाचा. कोची. तिथून बॅकवॉटर. सूनबाईंनी मान डोलावली. नातीने प्रवासाच्या रकान्यात आकडा मांडला आणि तो रकान्यात मावेना, शेजारच्या मुक्कामात घुसला.

“पण विमान काय आपल्यासाठी उडतं का?” चिरंजीव म्हणाले. “आपण बसलो नाही तरी ते जाणारच आहे. रिकाम्या खुर्चीपेक्षा बसलेली खुर्ची काय वाईट?”

खरं सांगतो, मला हा युक्तिवाद फार आवडला. आवडला कारण ओळखीचा होता. लग्नाच्या पंगतीत ‘तसंही उरणारच आहे’ म्हणून मी जिलब्या वाढून घेतल्या आहेत. ऑफिसातल्या कार्बन पेपरांची धाकट्या भावाला ‘तसेही वाळूनच जाणार’ म्हणून सोय केली आहे. या युक्तिवादाची खुबी अशी, की तो करणारा प्रत्येक माणूस खरंच बोलत असतो. एकशे ऐंशी माणसं एकापाठोपाठ एक ‘हे काही माझ्यासाठी उडत नाही’ असं मनाशी म्हणत पट्टे बांधतात आणि विमान भरून निघतं. मग कंपनी म्हणते, गर्दी फार आहे, आणखी एक विमान सोडू. ते कोणासाठी सोडलं, हे विचारायला गेलात तर एकही उतारू सापडणार नाही.

“जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे,” चिरंजीवांनी दुसरा डाव टाकला.

“आणि जगातली बहुतेक माणसं वर्षात एकदाही विमानात बसत नाहीत,” नात म्हणाली. “मग ते अडीच टक्के कोणाचे, बाबा?”

चिरंजीवांचं पुढचं वाक्य विमानाखाली गेलं. खरोखरच्या. विमान गेल्यावर त्यांनी ते पुन्हा सुरू केलं नाही, यावरून काय ते समजा. स्वीडनमध्ये म्हणे विमानाने जाण्याची लाज वाटण्याला एक खास शब्द आहे, फ्लीगस्काम. आमच्या पिढीला विमानाने कधीच न गेल्याची लाज वाटत आली. आत्ता कुठे चार वेळा बसून ती लाज गेली, तोच ही दुसरी दारात उभी!

मग एकेक बेत निघाला आणि पडला. काजव्यांचा तर आधीच पडलेला होता, कारण तो हंगाम जूनचा. पण चिरंजीवांच्या ऑफिसातली मंडळी आदल्या जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघून आली होती, त्याची हकीकत सूनबाईंनी सांगितली. काजव्याचं चमकणं हे उजेडासाठी नसतं, ते स्थळ सांगून येणं असतं. नर चमकतो, मादी बघते, पसंत पडलं तर उत्तर देते. या नाजूक बोलण्याच्या मध्ये गाड्यांची ही भली मोठी रांग हेडलाइट लावून उभी. ‘निसर्गाचा आनंद घ्या’ असा फलक वाचायला तेवढा उजेड लागतोच. आपल्या घरी मुलगी दाखवायचा कार्यक्रम चालू असताना चारशे अनोळखी माणसं बॅटऱ्या घेऊन खिडकीत उभी राहिली तर जमलेलं लग्न मोडेल की नाही? आणि गंमत अशी, की ही सगळी मंडळी निसर्गावर प्रेम म्हणूनच गेली होती. घरी पत्ते कुटत बसलेल्यांनी काजव्यांचं काडीइतकं नुकसान केलं नाही.

शेजारचे प्रोफेसर सल्ला द्यायला आले. ते इतिहासाचे, त्यामुळे भविष्याची चिंता त्यांना नसते. त्यांचं म्हणणं, सहलीला येरवड्याबाहेर जावंच का? नदीकाठी डॉ. सालिम अलींच्या नावाचं पक्ष्यांचं रान आहे, पायी जा. आगाखान पॅलेस आहे. आणि सरकारने २६ जानेवारी २०२१ ला ‘जेल पर्यटन’ सुरू केलं ते आपल्याच येरवड्याच्या तुरुंगापासून. पुणे करार जिथे १९३२ साली झाला ती जागा, गांधीजींचं यार्ड, टिळकांचं यार्ड.

“सुट्टीला तुरुंगात?” सौ. गवार मोडता मोडता म्हणाल्या. “शेजाऱ्यांना काय सांगायचं, दोन दिवस आत होतो?”

“वहिनी, पृथ्वीला कमीत कमी भार देणारा पाहुणा या येरवड्यातच राहून गेला,” प्रोफेसर म्हणाले. “१९२२ ला, १९३० ला, पुन्हा १९३२ ला. पत्रांवर पत्ता काय लिहायचा? येरवडा मंदिर! पेटीत मिटणारा चरखा इथेच सिद्ध झाला, म्हणून त्याला येरवडा चक्र म्हणतात. सामान किती, जेवण किती, कपडे किती!”

नातीने वहीत गांधीजींचा भार मांडून पाहिला. जवळजवळ काहीच आला नाही. मग ती म्हणाली, आगाखान पॅलेसमध्ये ते १९४२ पासून १९४४ पर्यंत होते तेव्हाचा मांडू का? तिथे महादेवभाई गेले, कस्तुरबा गेल्या. त्यांच्या समाध्या आमच्या घरापासून फार लांब नाहीत. त्या बागेत उभं राहिलं की असले हिशेब सुचत नाहीत. मी तिला म्हटलं, ते पान सोड.

पण त्या जवळजवळ शून्याने माझ्यातला पेन्शनर जागा झाला. मी म्हणालो, “आमचा काय भार होता सांग पाहू? दर मे महिन्यात मामाच्या गावाला, एस.टी.ने. पाणी फिरकीच्या तांब्यातून. जेवण म्हणजे दशम्या, त्याही फडक्यात. फडकं धुऊन परत आणायचं, हरवलं तर मार. मुक्काम मामाच्या ओट्यावर, पंखा नाही, दिवा नाही. आंब्याची कोय पेरायची, साल म्हशीला. कचरा? कचरा हा शब्दच आम्हाला पुण्यात आल्यावर कळला! पर्यावरणस्नेह, पर्यावरणस्नेह म्हणतात तो आम्ही जन्मभर केला, नुसतं नाव ठाऊक नव्हतं.”

टाळ्या पडायला हव्या होत्या. प्रोफेसरांनी दोन वाजवल्याही. नातीने लिहून घेतलं आणि पेन तसंच धरून विचारलं, “आजोबा, तेव्हा तुमच्याकडे पैसे असते तर तुम्ही विमानाने गेला असता?”

विमान येईल म्हणून मी थोडा वेळ थांबलो. त्या दिवशी नेमकं आलं नाही.

गेलो असतो. पहिल्या फेरीला गेलो असतो, आणि बोर्डिंग पास फ्रेम करून लावला असता. तीर्थरूप जन्मभर तिसऱ्या वर्गाने हिंडले, गांधीजीही तिसऱ्याच वर्गाने हिंडले. डबा एक, बाकडं एक, ढेकूणही बहुधा त्याच घराण्यातले. पण गांधीजींना पहिल्या वर्गाचं तिकीट परवडत होतं. तीर्थरूपांना तिसऱ्याचंही उसनं काढून परवडायचं. एकाच्या बसण्याला त्याग म्हणतात, दुसऱ्याच्या बसण्याला परिस्थिती. पृथ्वीला यातलं काय कळत असेल? तिला दोघांचा भार सारखाच लागला असणार. मग गुण द्यायचे ते मनाला की वजनाला? हा प्रश्न मी प्रोफेसरांना विचारला तेव्हा ते ‘चहा झाला असेल’ म्हणून घरी गेले.

यावर निकाल दिला तो आमच्या कामवाल्या मावशींनी. त्या फरशी पुसता पुसता सगळं ऐकत होत्या. नातीने त्यांनाही विचारलं, तुम्ही सुट्टीत कुठे जाता? तर वर्षातून एकदा गावाला, करमाळ्याच्या बाजूला, जत्रेला. लाल एस.टी., पाच तास, बऱ्याचदा उभं राहून. मुक्काम दिराच्या घरी, दोन दिवस. तिथेही भांडी याच घासतात, तेवढाच बदल म्हणायचा तर तो राखेने घासण्याचा. नातीने भार मोजला आणि जाहीर केलं, “मावशी, तुमचा पहिला नंबर!”

“पहिल्या नंबराला काय मिळतं?” मावशींनी विचारलं.

काही मिळत नाही म्हटल्यावर त्या फडकं पिळत म्हणाल्या, “मग माझा दुसरा लावा, नायतर शेवटचा लावा. पन एकदा त्या विमानात बसवा. वीस वर्सं झाली, खालनंच बघत्ये.”

हे ऐकून घरात कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

तेव्हा सौ. म्हणाल्या, “माथेरानला जाऊ.” गवार मोडून झाली होती.

माथेरान! एवढी जवळची गोष्ट कोणालाच कशी सुचली नाही! आशियात गाड्यांना बंदी असलेली अशी गिरिस्थानं शोधायची म्हटली तर पहिलं नाव त्याचंच निघेल. ठाण्याचा कलेक्टर मॅलेट १८५० मध्ये तिथे चढला, १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने नेरळहून छोटी गाडी वर गेली, आणि त्यानंतर जगभर मोटारी झाल्या तरी माथेरानने त्यांना दस्तुरी नाक्यावरच थोपवून धरलं. २००३ साली केंद्र सरकारने सगळा परिसर संवेदनशील म्हणून जाहीर केला. आत रुग्णवाहिकेखेरीज पेट्रोलचा वास नाही. लाल माती, जांभळाची झाडं, माकडं, चिक्की. आणि १९७८ साली आम्ही लग्नानंतर तिथेच गेलो होतो, दोन दिवस, माझ्या पहिल्या महागाई भत्त्यावर. नातीने भार मांडला. घरातून मेट्रो, मग रेल्वे, मग लोकल, मग छोटी गाडी. मावशींच्या खालोखाल आला. एकमताने ठराव पास.

निघालो. येरवड्याचं मेट्रो स्टेशन त्याच वर्षी ऑगस्टात सुरू झालं होतं, तिथून पुणे स्टेशनपर्यंत सगळा प्रवास खिडकीतून तुरुंगाकडे न बघण्यात गेला. सवय हो. पुढे घाट उतरून कर्जत, कर्जतला वडे. वडे कागदात मिळाले, नातीने स्टीलचा डबा पुढे केला. विक्रेत्याने तो कौतुकाने न्याहाळला, त्यात वडे घातले, आणि वर चटणीची प्लॅस्टिकची पुडी ठेवली. नेरळला छोट्या गाडीची तिकिटं आमच्या पुढे अकरा माणसं असताना संपली. आमचा भार तिथेच वाढला, कारण दस्तुरीपर्यंत टॅक्सी करावी लागली. नात वहीत लिहीत होती आणि वळणावळणाला तिचा आकडा पानाबाहेर जात होता.

खरी परीक्षा दस्तुरीला. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर, चढाची. अमन लॉजहून शटल गाडी मिळते, ती भरून गेली होती आणि पुढची दोन तासांनी. बॅटरीवरच्या इ-रिक्षा नुकत्या आल्या होत्या, पण हातरिक्षांचे परवाने ९४ आणि इ-रिक्षा वीस, तेव्हा रांग लांबच लांब. घोडा म्हटल्यावर सौ.नी माझ्याकडे असं पाहिलं की घोडाच दोन पावलं मागे सरला. आणि त्यांच्या गुडघ्यांबद्दल डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मला पाठ होतं. राहिली हातरिक्षा. एक माणूस पुढे ओढतो, दोघे मागून ढकलतात.

आमची तिथे, लाल धुळीत, सभा भरली. सूनबाई म्हणाल्या, माणसाने ओढलेल्या गाडीत बसायचं नाही, हे बरोबर नाही. चिरंजीव म्हणाले, आपण नाही बसलो तर त्यांचा आजचा रोज बुडेल, ते बरोबर आहे का? मी म्हणालो, पैसे देऊ आणि बसू नको. ते तिघेही जण हे सगळं शांतपणे ऐकत होते. रोज ऐकत असणार. त्यातला वयाने मोठा पुढे आला आणि सौ.ना म्हणाला, “बसा आजी. यांचं चालू द्या.”

सौ. बसल्या.

मी शेजारून चालू लागलो. मनाचा भार हलका करायला काहीतरी करावं म्हणून माझी बॅग मी रिक्षात न ठेवता हातात घेतली. पन्नास पावलांवर तो म्हणाला, “ठेवा की बाबा. बॅगेचं वेगळं घेत नाही.” नात मागे जाऊन ढकलायला लागली, तर मागचा म्हणाला, “बेबी, तू मध्ये नको. पाय अडकतात.” म्हणजे आमच्या सदसद्विवेकाला त्या रस्त्यावर हात ठेवायलाही जागा नव्हती.

चढ लागला तेव्हा तिघांचं बोलणं थांबलं. नुसता श्वास ऐकू येत होता. सपाटीवर आल्यावर मी विचारलं, हे काम बंद व्हावं असं तुम्हाला वाटत नाही का?

“व्हावं की,” तो म्हणाला. “पण आज नको. आज तुम्ही आलात ना.” मग थोडं ओढून झाल्यावर, “पोराचं नाव इ-रिक्षात लागेल असं म्हणतात. लागलं तर बरं. गाड्या वर येऊ दिल्या नाहीत ते चांगलंच केलं हो, नाहीतर एक झाड राहिलं नसतं. पण गाडी नाही म्हणजे ओझं नाही असं थोडंच आहे? गाडी नाही म्हणून आम्ही गाडी.”

मी बँकेतला माणूस. जमेची बाजू आणि खर्चाची बाजू जुळल्याशिवाय मला झोप येत नाही. एका खात्यातून रक्कम गेली तर ती दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात पडलीच पाहिजे. आमच्या वहीत मात्र पृथ्वीच्या खात्यातून सौ.चा भार वजा झाला होता आणि कोणाच्या खात्यात जमा दिसत नव्हता. तो समोर तीन पाठींवर चढ चढत होता.

ही पद्धत पुढे बंद करायचं ठरलं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की माणसाने माणसाला ओढून नेणं माणुसकीला धरून नाही. माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांना इ-रिक्षा देऊन त्यांची सोय लावा. बातमी वाचल्यावर मी सौ.ना वाचून दाखवली. पहिल्यांदा मला आनंद झाला, आणि मग तो आनंद जरा संशयास्पद वाटला. निकाल पुरेसा आधी लागला असता तर मला त्या उन्हात काही ठरवावं लागलं नसतं, हेही त्या आनंदात मिसळलेलं होतं.

त्या रात्री लॉजच्या व्हरांड्यात नात वही घेऊन बसली. मेट्रो लिहिली, रेल्वे, लोकल, टॅक्सी. हातरिक्षापाशी थांबली. “धूर नाही, वीज नाही, काहीच नाही. म्हणजे शून्य. पण आजोबा, शून्य कसा? आजी होती की आत.” बराच वेळ पेन चावून तिने पानाच्या कडेला एक नवा रकाना आखला आणि त्याला नाव दिलं, ‘कोणी उचलला’. मग मागची सगळी पानं काढून तो भरत बसली. कर्जतच्या वड्यांपुढे, लॉजमधल्या चादरींपुढे. आगाखान पॅलेसच्या सोडलेल्या पानापर्यंत गेली. मामाच्या गावच्या माझ्या मे महिन्यापुढे तिने विचारलं, “तिथे दशम्या कोण करायचं? विहिरीचं पाणी कोण काढायचं?”

मामी. अकरा भाचरांसाठी पहाटे चारला उठून. ती कधी सहलीला गेल्याचं मला आठवत नाही.

सगळे झोपल्यावर सौ. म्हणाल्या, “अहो, अठ्ठ्याहत्तर साली स्टेशनपासून लॉजपर्यंत तुम्ही मला पाऊण तास चालवलंत. ट्रंक डोक्यावर घेऊन. म्हणालात, हवा इतकी छान आहे, रिक्षात कशाला बसायचं.”

“हवा छान होतीच,” मी म्हणालो.

“मी तुमच्या पाकिटात बघितलं होतं आदल्या रात्री.”

सेहेचाळीस वर्षं ही बाई एवढी गोष्ट पोटात ठेवून होती. मी विचारलं, तेव्हा का नाही बोललीस? “छान चालत होतात की,” त्या म्हणाल्या आणि कूस बदलली. गुडघ्यांना तेल लावून देऊ का म्हणून विचारलं, तर झोप लागली होती.

प्रकल्प सादर झाला. शाळेतल्या बाईंनी रकान्यांना, चित्रांना, सुबक अक्षराला पैकीच्या पैकी गुण दिले आणि शेवटच्या रकान्यावर लाल शाईने लिहिलं, ‘हा तक्त्यात नाही. विषयाला धरून लिहावे.’ नातीने तो खोडला नाही. नुसती वही कपाटात ठेवून दिली.

मावशींना आमची सगळी सहल हवी होती, पहिल्यापासून. नातीने ती गॅलरीत बसून सांगितली, माकडांसकट. हातरिक्षापर्यंत आली तेव्हा मावशींनी भांडी बाजूला ठेवली. एक ओढायला, दोघे ढकलायला, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. तेवढ्यात विमान आलं. आम्ही सवयीने गप्प झालो. मावशी मात्र मान वर करून ते लोहगावाकडे टेकेपर्यंत बघत राहिल्या.

“यात किती मान्सं बसतात गं?”

“एकशे ऐंशी.”

“आन् ढकलायला?”

नात वही आणायला आत गेली.